गठ्ठ्याच्या तळचा कागद

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाबा छापखान्यात ऑफसेट मशीनवर होते. तिथे लग्नपत्रिका आणि बिलबुकांच्या जोडीने मोर्च्यांची पत्रकं निघायची, आणि त्यातली उरलेली आमच्या घरी यायची. माझ्या खाटेखाली कपड्यांची पेटी नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. उठा, जागे व्हा, सामील व्हा, धडक द्या. शाळेत गेल्यावर पहिल्यांदा ‘कमळ बघ’ वाचलं तेव्हा मला वाटलं, नुसतं बघून काय होणार.

बाबांचे पत्रकाबद्दलचे नियम ठरलेले होते. एका पत्रकात एकच मागणी. सगळ्यांचा एकच आवाज. स्वतःचं रडगाणं गायचं नाही. ज्याचं त्याचं दुःख ज्याच्या त्याच्या घरी, रस्त्यावर यायचं ते सगळ्यांचं मिळून. हे नियम मी बाराखडीसारखे पाठ केले होते. कॉलेजात गेल्यावर आमच्या वस्तीची पत्रकं मीच लिहायला लागले आणि ती बरी जमायची. पाण्याच्या लाईनीचं पत्रक वाचून एक अधिकारी चिडला होता, याचा मला कित्येक महिने अभिमान होता.

आम्ही घाटकोपरच्या टेकडीवर राहतो. गल्ल्या टेकडीच्या पोटावर आडव्या जातात आणि त्यांना जोडणाऱ्या पायऱ्या उभ्या. रिक्षा खालच्या रस्त्यापर्यंत येते. पुढे माणूस असो, गॅसचा सिलेंडर असो, नाहीतर नवरदेव असो, पायऱ्यांवरूनच. आमच्या गल्लीच्या टोकाला पालिकेचा दवाखाना होता. दोन खोल्या, एक बाकडं, एक डॉक्टर, एक सिस्टर. घरापासून सपाट वाटेने चार मिनिटं.

शेजारच्या घरात काकी राहते. नात्याने ती कोणी नाही, बाबांच्या गावची आहे. तिचा नवरा गिरणीत होता, तो गेल्याला खूप वर्षं झाली. तिला साखरेचा आजार. चपलेत अडकलेला एक खडा तिला दिवसभर जाणवलाच नाही आणि संध्याकाळी डाव्या तळव्याला भोक पडलेलं दिसलं. ती जखम भरेना. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या: एक दिवसाआड ड्रेसिंग, आणि पायऱ्या बंद. “पाय ठेवायचा असेल तर चढउतार करायची नाही,” असं त्यांनी माझ्यासमोर सांगितलं होतं, कारण काकीवर त्यांचा विश्वास नव्हता. काकी भिंतीला धरून दवाखान्यात जायची, ड्रेसिंग करून घ्यायची, सिस्टरला दोन गोष्टी सुनवायची आणि परत यायची. तिचा पाय त्या दोन खोल्यांवर उभा होता म्हटलं तरी चालेल.

मग दवाखान्याच्या दारावर नोटीस लागली. ज्या दोन दवाखान्यांमधलं अंतर अर्ध्या किलोमीटरपेक्षा कमी आहे, त्यातला लहान दवाखाना मोठ्यात विलीन करण्याचं प्रस्तावित आहे. हरकती पंधरा दिवसांत नोंदवाव्यात. दुसरा दवाखाना खाली, रस्त्यावर. नकाशात दोन्हींमधली रेघ खरंच अर्ध्या किलोमीटरच्या आत भरते. नकाशावर टेकडी सपाट असते.

मी त्याच दुपारी हरकतीचा मजकूर लिहिला. दोन परिच्छेद. ‘जनविरोधी’ होतं, ‘आरोग्याचा हक्क’ होता, ‘ही जागा कोणाच्या घशात घालायची आहे’ असा सवालही होता. खाली नाव, पत्ता, सही. बाबांनी वाचलं आणि ‘झकास’ म्हणाले. हा शब्द ते वर्षातून एकदा वापरतात. त्यांनीच फॉर्म छापून आणले.

त्या दोन परिच्छेदांत पायऱ्यांबद्दल एक अक्षर नव्हतं. हे मला फार पुढे कळलं. आमच्याकडे पायऱ्यांबद्दल कोणी बोलतच नाही. मासा पाण्याबद्दल काय बोलणार.

सह्या गोळा करायला मी दारोदार गेले. काकीच्या दारात फॉर्म दिला, पुढच्या तीन घरांत जाऊन आले, तोवर काकीने सही करून फॉर्मच्या उजव्या समासात बॉलपेनने काहीतरी लिहून ठेवलं होतं. जागा संपल्यावर ओळ वळून वरच्या बाजूने उलटी गेली होती.

“काकी, काय केलंस हे? फॉर्म खराब झाला ना.”

“जागा होती म्हणान लिवलंय.”

“ती लिहायची जागा नाही गं. सगळे एकसारखे दिसायला पाहिजेत. एकाने असं लिहिलं की बाकीच्यांचं वजन जातं.”

“माज्या लिवण्यान वजन जाता?” ती हसली. “बरां बाय. दुसरो दी.”

मी कोरा फॉर्म दिला, तिने सही केली. आधीचा मी ओढून घेतला आणि घरी येऊन टेबलावर टाकला. वाचला नाही. खराब झालेला कागद कोण वाचतं?

रद्दी फेकणं मात्र बाबांच्या रक्तात नाही. छापखान्यात गठ्ठा बांधताना वर एक आणि खाली एक बिघडलेला ताव घालतात, कारण सुतळी आवळली की कडेचा कागद कापतो. कापायचाच तर रद्दीचा कापू दे. आमचा हरकतींचा गठ्ठा बाबांनी तसाच बांधला. वर कुणाच्यातरी लग्नपत्रिकेचा फसलेला ताव, खाली काकीचा फॉर्म. वॉर्ड ऑफिसच्या आवक खिडकीवर कारकुनाने सुतळी सोडली, लग्नपत्रिका बाजूला काढली, “जेवण कुठेय?” म्हणून विचारलं, आणि पुढचे सगळे कागद एकामागून एक ठोकत गेला. शिक्का, शिक्का, शिक्का. पोच दिली त्यावर तीनशे एक्केचाळीस लिहिलं होतं. माझ्या मोजणीत तीनशे चाळीस होते. मला वाटलं, माझंच चुकलं. एक जास्त आहे म्हणून आनंदच झाला.

दीड महिन्याने दवाखान्याला कुलूप लागलं.

काकीला खालच्या दवाखान्यात न्यायचं कसं, हा प्रश्न त्याच दिवशी उभा राहिला. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून गल्लीतले दोघे तिला उचलून न्यायचे. पण ते कामावर जाणारे लोक, त्यांना आठवड्यातून एकच सुट्टी. म्हणजे आठवड्यातून एक ड्रेसिंग. बाकीचे दिवस मी करायचे. सलाईनने धुवायचं, गॉज ठेवायचं, पट्टी बांधायची. मला ते नीट येत नव्हतं. जखमेच्या कडेला काय काळं पडलंय आणि ते किती काळं असायला हवं, हे मला कळत नव्हतं. काकीला दुखायचं नाही, तीच तर भीती.

मी पत्रक लिहिलं, आधीच्यापेक्षा जहाल. कुलपासमोर आम्ही दोनदा बसलो. कुलूप ऐकत नाही.

वकीलबाई मुलुंडला स्टेशनजवळ एका फरसाणवाल्याच्या वरच्या मजल्यावर बसतात. बाबांनी त्यांची लेटरहेडं छापली होती, एवढीच ओळख. मी त्यांच्यासमोर मी लिहिलेली हकिगत ठेवली, अकरा पानं. त्यांनी लाल पेन काढलं आणि वाचता वाचता खोडत गेल्या. जुलमी गेलं. निर्दयी गेलं. कोणाच्या घशात, ते तर पूर्ण परिच्छेदासकट गेलं.

“ते खरं आहे,” मी म्हणाले.

“असेल. कोणी, कधी, कोणाला फायदा, कागद दाखव. नाही ना? मग आरोप केलास आणि सिद्ध नाही झाला तर बाकीचंही खोटं वाटतं.” त्यांनी शेवटचं पान उलटलं. “आता तुझ्याकडे उरली कुलूप लागल्याची तारीख आणि काकींचा पाय.”

मला राग आला. मी म्हणाले, “दवाखाना बंद करणं चूक आहे. कोर्टाने तेवढं म्हणावं.”

“कोर्ट ते म्हणणार नाही.”

“का?”

“कारण दवाखाना कुठे ठेवायचा ते ठरवणं कोर्टाचं काम नाही. न्यायाधीश निवडून येत नाहीत आणि त्यांना दवाखाने चालवता येत नाहीत. निर्णय बरोबर की चूक, यात ते शिरत नाहीत. निर्णयापर्यंत कसे पोचलात ते विचारतात. जे बघायला हवं होतं ते बघितलं का? जे बघायला नको ते बघितलं का? आणि निकाल असा आहे का, की डोकं ठिकाणावर असलेल्या कुठल्याच माणसाने तो दिला नसता?”

“म्हणजे सरकारला मूर्खपणाची परवानगी आहे?”

“थोड्या मूर्खपणाची आहे. सगळ्यांनाच असते. तुला नाही का?”

खालून तळणीचा वास येत होता. मी पाय हलवत बसले होते. त्यांनी दोनदा माझ्या गुडघ्याकडे बघितलं. मला त्या क्षणी त्यांचा सगळा कायदाच भेकड वाटला. मी ज्या जगात वाढले तिथे चूक ती चूक असते आणि ती जो म्हणत नाही तो त्यात सामील असतो. इथे एक शिकलेली बाई मला सांगत होती की चूक असणं पुरेसं नाही, ती आंधळेपणाने केलेली चूक आहे हे दाखवावं लागेल.

मग त्यांनी अर्ध्या किलोमीटरचं सांगितलं, आणि तिथे मी पहिल्यांदा पुढे सरकून बसले. सरकारला रेघ ओढायची मुभा असते, त्या म्हणाल्या. अर्धा ठेवा, एक ठेवा, कोर्ट त्यात बोट घालत नाही. पण रेघ कशासाठी ओढली, त्या हेतूशी तिचं नातं पाहिजे. इथे हेतू काय? माणसाला चालत दवाखाना गाठता यावा. सपाट कॉलनीत अर्धा किलोमीटर म्हणजे सात मिनिटं. टेकडीवर तोच अर्धा किलोमीटर हेतूलाच पाडतो. सारखे नाहीत त्यांना सारखं मापणं हीसुद्धा विषमताच.

“पण हे त्यांच्यासमोर आलं होतं का?” त्यांनी विचारलं. “पायऱ्या आहेत, पायऱ्या किती आहेत, हे तुमच्या हरकतीत आहे ना?”

त्यांनी फॉर्म मागितला, वाचला, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“तीनशे चाळीस लोक,” त्या म्हणाल्या, “आणि एकालाही पायऱ्या आठवल्या नाहीत?”

माहितीच्या अधिकारात आम्ही फाईल बघायला मागितली. वॉर्ड ऑफिसच्या एका टेबलावर ती मिळाली. आत नकाशा, नकाशावर लाल गोल. एक टिपणी: ‘तीनशे एक्केचाळीस हरकती प्राप्त. सर्व एकाच नमुन्यातील व एकाच आशयाच्या. सबब एक हरकत गृहीत धरून विचार करण्यात आला. त्यात नवीन मुद्दा नाही.’ आम्ही पंधरा दिवस जमवलेली ताकद एका ‘सबब’मध्ये मावली होती. एक आवाज पाहिजे, असं बाबा म्हणायचे. त्यांनी तो एकच मोजला.

वकीलबाई म्हणाल्या, “गठ्ठा बघ. सगळा.”

“सगळे सारखेच आहेत.”

“तू वाचलेस?”

मी वाचायला बसले. माझंच वाक्य, पुन्हा माझंच वाक्य. पन्नासाव्या कागदाला मला त्याचा कंटाळा आला, दोनशेव्याला लाज वाटायला लागली. शेवटच्या कागदाच्या दोन कडांवर सुतळीच्या खाचा होत्या. समासात बॉलपेनचं अक्षर होतं, आणि त्याच्यावर, अर्धं अक्षर झाकून, आवक विभागाचा गोल शिक्का.

काकी सातवी शिकलेली आहे. बोलते मालवणीत, पण लिहिते शाळेतल्यासारखं. तिने लिहिलं होतं: ‘खालच्या दवाखान्यात जायला पायऱ्या २१२. मी मोजल्या. इथल्या दवाखान्याला सुट्टी होती म्हणून एकदा गेले होते. पायाला जखम असल्यामुळे बसून उतरले, एकेक. वर यायला दोन तास लागले. डॉक्टरनी पायऱ्या बंद सांगितल्या आहेत.’

पाच ओळी. मी अकरा पानांत जे लिहू शकले नव्हते ते सगळं.

वकीलबाईंनी मान वाकवून वाचलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. “हा नवीन मुद्दा. त्यांच्या फाईलीत, त्यांच्या शिक्क्यासकट. आणि ते लिहितात, नवीन मुद्दा नाही.” त्या खूश होत्या. मी उठून बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिले. काकी दोनशे बारा पायऱ्या बसून उतरली होती, हे मी, तिच्या भिंतीला भिंत लावून राहणारी, एका सरकारी फाईलीत वाचत होते.

याचिका बाबांच्या आणि काकीच्या नावाने गेली. मग सुरू झाल्या तारखा. मॅटर दिवसाच्या बोर्डावर असायचं आणि कोर्ट उठेपर्यंत पोचायचं नाही. मी कोर्टाच्या व्हरांड्यात फेऱ्या मारायचे, शिपाई मला बसायला सांगायचा, मी बसायचे आणि पुन्हा उठायचे. मधल्या काळात काकीच्या पायाचं मधलं बोट काळं पडलं. खालच्या दवाखान्यातून मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं. तिथे ते काढलं. “नऊ आसत अजून,” ती शुद्धीवर आल्यावर म्हणाली. मला तोंड वर करून तिच्याकडे बघवलं नाही. माझ्या हाताच्या पट्ट्या होत्या त्या.

पालिकेच्या बाजूने उत्तर आलं तेव्हा त्यात नवीनच कारणं होती. इमारत जुनी आहे. रुग्ण कमी येतात. मी भडकले, वकीलबाई हसल्या. “हे फाईलीत कुठे आहे? निर्णय घेताना जे डोक्यात नव्हतं ते नंतर सुचून चालत नाही. आदेश त्याच्या स्वतःच्या कारणांवर उभा राहायला हवा.” मला तो नियम आवडला. मग आठवलं की मीसुद्धा आधी चिडते आणि कारणं नंतर शोधते.

शेवटी एका सकाळी मॅटर पोचलं. दोन न्यायमूर्ती होते. वकीलबाईंनी नकाशा दाखवला, टिपणी वाचली आणि मग काकीचा समास वाचला, आधी मराठीत, मग इंग्रजीत. ‘बसून उतरले’ याचं इंग्रजी करताना त्या अडखळल्या आणि न्यायमूर्ती म्हणाले, “मराठी कळतं आम्हाला.”

पालिकेचे वकील उठले. तयारी चांगली होती त्यांची. म्हणाले, “याच बाईंची दुसरी हरकत गठ्ठ्यात आहे, स्वच्छ, समासात काही न लिहिलेली. म्हणजे हा कागद याचिकाकर्त्यांनीच बाद केला होता. एका माणसाच्या दोन सह्या कशा?”

वकीलबाई मागे वळल्या. मी पहिल्या बाकावर होते. त्यांनी मला आधीच विचारलं होतं, असा प्रश्न आला तर काय सांगू, आणि मी म्हणाले होते, जे झालं ते. आता त्यांनी फक्त भुवया उचलल्या. मी मान हलवली. त्यांनी सांगितलं: सह्या गोळा करणाऱ्या कार्यकर्तीला वाटलं, फॉर्म खराब झाला. तिने दुसरा दिला. पहिला गठ्ठा बांधताना खाली घातला गेला.

ज्येष्ठ न्यायमूर्तींनी चष्म्यावरून खाली बघितलं. कुठे बघत होते कोण जाणे. मला वाटलं माझ्याचकडे.

“म्हणजे,” ते म्हणाले, “प्रशासनाने ही ओळ वाचली नाही, आणि तुमच्या कार्यकर्तीनेही वाचली नाही.”

कोर्टात थोडा हशा झाला. वकीलबाई म्हणाल्या, “होय. पण निर्णय घ्यायचं कर्तव्य कार्यकर्तीचं नव्हतं.”

“बरोबर आहे,” ते म्हणाले, आणि पुढे गेले.

मी मात्र पुढे जाऊ शकले नाही. तो प्रश्न सरकारसाठी तयार केलेला होता, शंभर वर्षं घासून घासून: समोर आलेलं तुम्ही खरंच बघितलं का? मी कित्येक महिने तो चाकूसारखा हातात धरून फिरत होते. त्याला दुसऱ्या बाजूनेही धार आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आदेश दुपारी झाला. विलीनीकरणाचा निर्णय रद्द. समोर असलेली हरकत विचारात न घेता, टेकडीची उंची न पाहता घेतला म्हणून. प्रकरण परत त्याच अधिकाऱ्यांकडे. त्यांनी नव्याने हरकती मागवून, जागा प्रत्यक्ष पाहून, सहा आठवड्यांत कारणांसह निर्णय द्यावा. तोवर कुलूप काढावं. आणि शेवटी एक ओळ: दवाखाना तिथे असावा की नसावा याबद्दल आम्ही कोणतंही मत व्यक्त करत नाही.

मी ती शेवटची ओळ घेऊन टेकडी चढले. काकी उंबऱ्यात पाय लांब करून बसली होती.

“जिंकलंस?”

“हो. म्हणजे कुलूप निघेल. पण पुन्हा विचार करणार आहेत.”

“कोण?”

“तेच साहेब.”

“तेच?” ती बघत राहिली. “आणि पुना तसाच ठरवल्यानी तर?”

“कारणं द्यावी लागतील.”

“कारणां दिल्यानी की झाला?”

तिने तीन वाक्यांत तिथेच बोट ठेवलं होतं जिथे मला सकाळपासून टोचत होतं. मी म्हणाले, “काकी, तेव्हा तू लिहिलेलं मी वाचलं नव्हतं.”

“माका म्हायत आसा. तू बघलंसच नाय. नुसतो ओढलंस.” मग, माझ्याकडे न बघता, “आता तरी कोरो कागद दी सगळ्यांका.”

नव्या हरकतींना मी मजकूर छापला नाही. बाबांना ते पटलं नाही. “मोर्चा विस्कळीत दिसेल,” ते म्हणाले, आणि तरी कोऱ्या कागदाचे ताव कापून आणले. मी घरोघर जाऊन ते ठेवले आणि दुसऱ्या दिवशी गोळा केले. कोणी दोन ओळी लिहिल्या, कोणी दोन पानं. एकीने बाळंतपणाचं लिहिलं. एकाने शेजाऱ्याची तक्रार लिहिली, तिचा दवाखान्याशी काही संबंध नव्हता. मी तोही कागद गठ्ठ्यात ठेवला. सगळे वाचायला मला तीन दिवस लागले. गठ्ठा बांधताना बाबांनी खाली घालायला रद्दीचा ताव शोधला. या वेळी घरात एकही खराब कागद नव्हता, म्हणून त्यांनी वर्तमानपत्र घातलं.

साहेब खरंच टेकडीवर आले. मधे दोनदा थांबले, एकदा पाणी मागितलं. काकीने खिडकीतून बघितलं आणि समाधानाने मान हलवली.

निर्णय आला तो दीड पानाचा. दवाखाना बंद होणार नाही. पण आठवड्यातून तीन दिवस, सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी उघडेल. कारण: मनुष्यबळ मर्यादित, मात्र एक दिवसाआड ड्रेसिंगची गरज असलेल्या व चढउतार करू न शकणाऱ्या रुग्णांचा विचार करता. मी तो चार वेळा वाचला. प्रत्येक हरकतीला त्यात उत्तर होतं. मला तो अजिबात पसंत नव्हता. मंगळवारी ताप आलेल्या पोराचं काय? मी वकीलबाईंना फोन केला.

“पुन्हा जाऊया.”

“कशावर? त्यांनी सगळं बघितलंय आता. हा टिकेल.”

“पण चूक आहे.”

“असेल,” त्या म्हणाल्या. “आता पत्रक लिही. हे तुझं काम आहे.”

मी अजून लिहिलेलं नाही. मंगळवारचं पत्रक लिहायचं तर मंगळवारी दवाखान्याच्या दारात कोण येऊन परत जातं ते आधी बघायला हवं, म्हणून गेले तीन मंगळवार मी त्या बंद दारासमोर वही घेऊन बसते. पाय हलत राहतात माझे. पहिल्या मंगळवारी चार जण आले, त्यातला एक वेळ विचारायला.

काकीची जखम आता नाण्याएवढी राहिली आहे. सोमवारी ती भिंत धरून जाते. निर्णयाची झेरॉक्स मी तिला दिली; तिने ती चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, ‘अंदाजे दोनशे पायऱ्या’.

“अंदाजे कित्याक?” ती म्हणाली. “मी मोजलंय मगे?” आणि पेन मागितलं.

मी दिलं. तिने समासात २१२ लिहिलं, खाली सही केली, आणि कागद माझ्यापुढे धरला. मी तो तिथेच, तिच्यासमोर, वाचला.